पाळी थांबत नसेल तर या डॉक्टर बाईंना दाखवा

माझं वय 46, नोकरी शाळेत, दिवसभर उभं राहायचं. पाळी आली ती दोन आठवडे उलटले तरी थांबेना, वर रक्ताच्या गाठी पडायला लागल्या. आधी जिथे दाखवलं तिथे सोनोग्राफीचा कागद बघून "गर्भाशयाला गाठ आहे, पिशवी काढून टाका, मुलं झालीत ना?" एवढंच सांगितलं. हात लावून तपासलंसुद्धा नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली, ते सगळं मी वाचलेलं. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंच ठरवलं आणि नणंदेने कराडचा हा दवाखाना सुचवला.

इथे डॉक्टर बाई आधी भरपूर विचारतात. दिवसाला किती पॅड लागतात, पूर्ण भिजतात की नुसता डाग? गाठी केवढ्या? रात्री उठून बदलावं लागतं का? संबंधानंतर रक्त जातं का? तांबी बसवलीय का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का? दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नव्हतं, असं कधी झालंय का, हेही विचारलं. रक्त गोठण्यात दोष असला तरी पाळी जास्त जाते, हे मला तेव्हा कळलं. आठ दिवसांच्या पुढेही रक्त जात राहिलं की पाळी जास्त दिवस चालली असं धरायचं, असं त्या म्हणाल्या. कॅलेंडरवर खुणा केलेल्या होत्या, त्या त्यांनी महिन्या-महिन्याने पाहिल्या.

मग आतून तपासणी. आधी लघवीची गरोदरपणाची चाचणी. या वयात कशाला, असं मी विचारलंच. "पाळी येतेय तोवर ही पहिली," बाई म्हणाल्या. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, थायरॉईड केलं. हिमोग्लोबिन 8.4 निघालं, बाईला ते किमान 12 हवं. जिना चढताना धाप का लागते, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. पंचेचाळिशीनंतर असं रक्त जात असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायचाच, यावर त्या ठाम होत्या. तो तिथेच, भूल न देता घेतला. पाळीतल्यासारखी एक जोरदार कळ येते, पण क्षणभरच. बाजूला उभ्या सिस्टर ताईंनी हात धरून ठेवला होता. रिपोर्ट चांगला आला.

सगळ्यात आवडलं ते त्यांनी कागदावर पिशवी काढून समजावलं ते. माझी गाठ लहान आणि बाहेरच्या अंगाला. तशा गाठीने सहसा रक्त जास्त जात नाही, आतल्या पोकळीत घुसलेली गाठ त्रास देते. माझं कारण वेगळं होतं: पाळी जायच्या वयात दर महिन्याला बीज सुटत नाही, अस्तर जाड होत राहतं आणि वेळी-अवेळी सुटून येतं. म्हणजे ज्या गाठीसाठी पिशवी काढायची होती, तिचा यात काही संबंधच नव्हता!

रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत घ्यायला दिल्या, तेही पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का हे विचारून. लोहाच्या गोळ्या आहेत, त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत. पुढचा उपाय म्हणून हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवायचं सुचवलं, सुरुवातीचे काही महिने डाग पडत राहतील हेही लपवलं नाही. घरी विचार करायला वेळ दिला. मी ती बसवून घेतली. आता डाग पडतात, पण रक्ताच्या गाठी नाहीत आणि मी वर्गात उभी राहू शकते.

दोन गोष्टी मात्र सुधाराच. काउंटरवरची मुलगी "काय त्रास होतोय?" असं सगळ्यांसमोर, तेही पुरुष बसलेले असताना, मोठ्याने विचारते. एका कोवळ्या मुलीला उत्तर देताना रडू आलेलं मी पाहिलं. चिठ्ठीवर लिहून घ्यायला काय हरकत आहे? आणि दिलेल्या वेळेला नंबर कधीच लागत नाही. संडास मात्र स्वच्छ, झाकणाचा डबा आणि जादा पॅड ठेवलेले, रक्त जात असलेल्या बाईला याचं मोल कळेल.

जाताना तारखा, चालू गोळ्यांची नावं आणि जुने रिपोर्ट न्या. पण तासाला एक पॅड भिजतंय, असं सलग दोन तास चाललंय किंवा चक्कर येतेय, तर इथल्या नंबरची वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. हे मला बाईंनीच बजावून सांगितलंय.