फॉस्फोरिलेशन बघायचंय: अँटिबॉडी, फॉस-टॅग की मास स्पेक?

फॉस्फोरिलेशन म्हणजे प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसणं. लॅबमध्ये नवीन आलेला विद्यार्थी कॅटलॉग उघडतो आणि विचारतो, 'माझ्या प्रथिनाची फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट बसलेलंच प्रथिन ओळखणारी) मिळते का?' मी उलट विचारते, फॉस्फेट कुठल्या जागेवर बसतो हे माहीत आहे का? निम्मी निवड या उत्तरावरच होऊन जाते.

फॉस्फेटचा एक गट बसला की प्रथिनाचं वजन जेमतेम ८० डाल्टनने वाढतं. ईआरके२ हे पेशीतला सिग्नल पुढे पोचवणारं प्रथिन सुमारे ४२ हजार डाल्टनचं. एवढ्याशा फरकावर, प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या साध्या जेलच्या भरवशाने काही सांगता येत नाही.

अँटिबॉडी

जागा माहीत असेल आणि नमुने भरपूर असतील, तर हीच घ्या. पेशींना ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) दिल्यावर ईआरके कधी जागं होतं आणि कधी शांत होतं, हे बारा नमुन्यांच्या एका वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधायची) दोन दिवसांत कळतं. ऊतीच्या कापात नेमक्या कुठल्या पेशीत सिग्नल आहे, हेही तीच दाखवते. बाकीच्या दोन पद्धतींत पेशी फोडाव्याच लागतात.

पण डबीवरच्या नावावर विसंबू नका. २०११ साली हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) ५७ बदलांसाठीच्या दोनशेहून अधिक अँटिबॉडी तपासल्या गेल्या, त्यांतल्या पाव हिश्शाहून जास्त अचूकतेच्या चाचणीत नापास झाल्या. शेजारही नडतो: हिस्टोन एच३च्या नवव्या अमिनो आम्लावरचं, म्हणजे लायसिनवरचं, मिथाइल ओळखणारी अँटिबॉडी, शेजारच्या दहाव्या सेरिनवर फॉस्फेट आला की आंधळी होऊ शकते. बदल जागेवरच असतो आणि आपण मात्र 'कमी झाला' असं लिहून मोकळे होतो.

माझा स्वतःचा एक सुंदर, ठसठशीत बँड (ब्लॉटवरची प्रथिनाची पट्टी) लॅम्डा फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम, घातल्यावरही जसाच्या तसा राहिला होता. तोवर त्यावर तीन महिने गेले होते. तेव्हापासून नियम एकच: अर्ध्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींचा रस) फॉस्फटेज घालायचं आणि बँड गेला तरच पुढे जायचं. जमलं तर ती जागा अॅलनिनने बदललेलं प्रथिनही शेजारी चालवा. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायचा द्राव) सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनडेट हे फॉस्फटेज रोखणारे पदार्थ विसरलात, तर पेशीतले फॉस्फटेज हेच काम तुम्हाला न विचारता उरकतात.

पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) स्वस्त पडते, पण बॅच बदलली की वागणं बदलतं. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असेल तर जास्त पैसे मोजून रिकॉम्बिनंट मोनोक्लोनलच (ठरावीक जनुकापासून बनवलेली, एकाच प्रकारची) घ्या.

जागा न बघता नुसता फॉस्फोटायरोसिन (फॉस्फेट बसलेलं टायरोसिन) ओळखणाऱ्या अँटिबॉडी १९८१पासून आहेत. त्यांतली ४जी१० आजही उत्तम चालते. फॉस्फोसेरिनसाठी तसल्या सरसकट अँटिबॉडीवर मात्र मी पैसे घालणार नाही.

फॉस-टॅग

हिरोशिमा विद्यापीठातून आलेली ही पद्धत. जेलमध्येच मँगनीजच्या मदतीने फॉस्फेटला धरून ठेवणारा रेणू असतो, त्यामुळे फॉस्फेट असलेलं प्रथिन मागे रेंगाळतं. ब्लॉटला साधी, एकूण प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी पुरते. ईआरकेवर थ्रिओनिन आणि टायरोसिन अशा दोन जागा आहेत. दोन्ही भरलेल्या, एकच भरलेली, एकही नाही, असे बँड इथे वेगळे होतात आणि किती टक्के प्रथिनावर फॉस्फेट आहे याचा अंदाज येतो. फॉस्फो-अँटिबॉडी एकटी हे सांगू शकत नाही.

त्रास म्हणजे मार्करवरून वजन वाचता येत नाही, आणि ट्रान्सफरआधी (प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवण्याआधी) जेल धातू पकडणाऱ्या ईडीटीएत धुवून मँगनीज काढावं लागतं. नाहीतर मेम्ब्रेन जवळजवळ कोरी निघते.

मास स्पेक

मास स्पेक म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री, प्रथिनाच्या तुकड्यांचं वजन मोजणारी पद्धत. जागाच माहीत नसेल तर दुसरा मार्ग शोधत बसू नका. प्रथिन ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडून, फॉस्फोपेप्टाइड (फॉस्फेट असलेले तुकडे) टायटॅनियम डायऑक्साइडवर गोळा करून पाठवा. यंत्र भारी, रांग लांब, खर्च नमुन्यागणिक. म्हणून चाळीस नमुन्यांसाठी ही वाट परवडत नाही. शिवाय पेप्टाइडवर दोन सेरिन शेजारी असतील तर फॉस्फेट नक्की कुठल्यावर, हे संदिग्ध राहू शकतं. आणि ट्रिप्सिनने तुमची जागा चार-पाच अमिनो आम्लांच्या तुकड्यात टाकली, तर ती दिसतच नाही. मग दुसरं एन्झाइम वापरावं लागतं.

मी असं करेन: नवीन प्रथिन असेल तर एकदाच मास स्पेक, मिळालेल्या जागेची अँटिबॉडी, आणि प्रमाणाचा प्रश्न आला तरच फॉस-टॅग. लॅम्डा फॉस्फटेजची नळी मात्र पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवायची.