जेएमएफसी आत्ताच, की थांबून थेट जिल्हा न्यायाधीश?

सनद घेऊन तीन-चार वर्षं झाली की बाररूममधला एखादा ज्युनिअर हळूच विचारतो, "सर, जेएमएफसीची परीक्षा देऊ, की वकिली वाढवून पुढे थेट डीजेची, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाची देऊ?" 2025 च्या आधी मी अनेकांना थांबायला सांगितलं. आता सांगत नाही.

जेएमएफसी म्हणजे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. परीक्षा एमपीएससी घेते. पूर्व 100 गुणांची, मुख्यला शंभराचे दोन पेपर, मुलाखत 50 ची. पूर्वी आपल्याकडे 55 टक्केवाला ताजा पदवीधरही पंचविशीच्या आत बसू शकायचा. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून धरतात, पण किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तबही. मला हे पटलं. जो कधी रिमांडला उभा राहिला नाही, त्याने डायसवरून रिमांड देऊ नये.

उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण झालं की बहुधा तालुक्याचं कोर्ट मिळतं. चेक बाउन्स, पोटगी, बांधाची भांडणं, मनाई हुकमाचे अर्ज. शिक्षेचा अधिकार तीन वर्षांपर्यंत. सुट्टीही आपली नसते. रविवारी संध्याकाळी घरी पाहुणे बसलेले असतात आणि दारात पोलिसांची गाडी थांबते. आरोपी व्हरांड्यात, हवालदाराच्या हातात रिमांडचे कागद. साहेब चहा तसाच ठेवून बाहेर येतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" असं आरोपीला विचारतात आणि मगच पेन उचलतात. वकील म्हणून मी अशा व्हरांड्यात उभा राहिलोय. तो चहा परत कुणी गरम केलेला पाहिला नाही.

थेट जिल्हा न्यायाधीशपदाच्या परीक्षेचं सगळं उच्च न्यायालयच पाहतं. सात वर्षं वकिली, वय किमान 35, खुल्या प्रवर्गाला कमाल 45. जिल्हा न्यायाधीशांच्या जागांपैकी 25 टक्के या वाटेने भरतात, म्हणजे जागा मोजक्याच. पण बसायचं ते सेशन्स कोर्टात. जन्मठेप देता येते, फाशीही, फक्त तिच्यावर उच्च न्यायालयाची मोहोर लागते. मूळ वेतन 1,44,840 पासून. जेएमएफसीचं 77,840 पासून.

आकडे बघून थांबावंसं वाटतं खरं. पण पस्तिशीत वकिली ऐन भरात असते. दिवसभर उलटतपासण्या, रात्री पक्षकारांचे फोन, घरी मुलाचा अभ्यास. पुस्तक उघडायचं कधी? शिवाय वकिलांसाठी जेएमएफसीची खुल्या प्रवर्गाची मर्यादाही 35 च. एक दार मिटतं त्याच वयात दुसरं उघडतं, आणि ते उघडून आत जागा मिळेलच असं नाही.

तरी लोक थांबायचे, कारण एकदा न्यायसेवेत गेलं की वकिलांच्या कोट्यातून डीजे होता येत नसे. 9 ऑक्टोबर 2025 ला घटनापीठाने ती अडचणच काढून टाकली. आता वकिली आणि न्यायसेवा मिळून सात वर्षं भरली, वय 35 झालं, की सेवेतला न्यायाधीशही त्या परीक्षेला बसू शकतो. त्याच वर्षीच्या मेमधल्या निकालाने डीजेच्या जागांत सेवेतल्यांसाठीच्या मर्यादित विभागीय परीक्षेचा कोटाही 10 वरून 25 टक्के केला. आज जेएमएफसी झालात म्हणून पुढची वाट बंद होत नाही.

मग थांबावं कुणी? ज्याच्याकडे स्वतःची सेशन्सची कामं आहेत, ज्याला दर तीन-एक वर्षांनी बिऱ्हाड उचलणं जमणार नाही, आणि टपरीवर चार वकिलांत बसून चहा पिणं ज्याला सोडवत नाही, त्याने. न्यायाधीशाला ती टपरी बंद असते, हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. साठीला निवृत्तीही आहे. वकिलाला ती नाही.

बाकीच्यांनी जाहिरातीची वाट बघत बसू नये. ज्या कामांत उभे राहिलात त्यांचे वकीलपत्र आणि रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीच्या, नकला आजपासून एका फायलीत लावा. दाखला देणाऱ्या सीनिअरना तीन वर्षांपूर्वीचं आठवेलच असं नाही.