बँकेच्या लिलावातला फ्लॅट: ५ पैकी ३ स्टार, तेही चावी हातात आल्यावर

पुण्यात वारज्यातला टू बीएचके, साडेपाचशे स्क्वेअर फूट कार्पेट, बँकेच्या ई-लिलावात ५१ लाख ३० हजाराला घेतला. त्याच बिल्डिंगमधला वरचा फ्लॅट दोन महिने आधी ६३ लाखाला गेला होता त्यामुळे नातेवाईकांत सध्या आमची लॉटरी लागलीये. लॉटरी वगैरे काही नाही हो, पण घरचं कुणी ऐकत नाही म्हणून इथे लिहितेय, कुणी पहिल्यांदा घेत असेल तर बघा.

जाहिरात पेपरात होती, एकाच पानावर तीस-चाळीस मालमत्ता मुंगीएवढ्या अक्षरात. 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे' तत्त्वावर विक्री. नवऱ्याने मोठ्याने वाचलं तेव्हा आम्ही हसलो, उखाणा आहे का काय म्हणून. त्याचा अर्थ असा की नंतर गळती निघो, थकबाकी निघो, बँकेकडे यायचं नाही. 'ज्ञात बोजा' (म्हणजे घरावरचं दुसरं कर्ज, थकबाकी) या रकान्यात 'माहीत नाही' असं छापलेलं. बोजा नाही असं नाही हं, माहीत नाही. आणि त्याच्या शेजारी एक शब्द होता ज्याच्यापायी आमचे सात महिने गेले: ताबा - सांकेतिक.

सांकेतिक म्हणजे बँकेने फक्त दारावर नोटीस चिकटवलीये, आत माणसं राहतायत. सरफेसी म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यात ६० दिवसांची नोटीस देऊन बँकेला असा ताबा घेता येतो, पण माणसं बाहेर काढून कुलूप लावायचं तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांची नाहीतर कोर्टाची ऑर्डर लागते. शाखेतले साहेब म्हणाले "मॅडम, ऑर्डर येतच आहे, महिना धरा". मी धरला. कायद्यात ऑर्डरसाठी ३० दिवस, फार तर ६० असं लिहिलंय ते मी नंतर वाचलं, आमची ऑर्डर यायलाच साडेचार महिने लागले आणि मग तहसील ऑफिसची तारीख, पोलीस बंदोबस्त, एकदा तर बंदोबस्त मिळाला नाही म्हणून सगळं पुढे ढकललं. तोपर्यंत इकडे भाडं १९ हजार, तिकडे ईएमआय ३० हजार.

घर बघायला मिळेल का विचारलं तर 'बाहेरून बघा'. बाहेरून काय बघणार, दार बंद, बाल्कनीत कपडे वाळत घातलेले. पण वॉचमनने चहाच्या बदल्यात बँकेपेक्षा जास्त माहिती दिली, मेंटेनन्स किती थकलाय, बाथरूमचं पाणी खालच्या फ्लॅटमध्ये उतरतं, सगळं. वॉचमनला ५ पैकी ५.

लिलावाच्या पोर्टलबद्दल. सरकारी बँकांच्या मालमत्ता आता बँकनेटवर एकत्र बघायला मिळतात, आमचा लिलाव मात्र एका खाजगी कंपनीच्या साईटवर होता. रजिस्ट्रेशन, केवायसी आणि राखीव किमतीच्या (जिच्या खाली बोली चालत नाही) १० टक्के अनामत आधी भरायची, राखीव किंमत ४६ लाख ८० हजार म्हणजे आमचे ४ लाख ६८ हजार गेले. दुपारी १ ते २ वेळ. ऑफिसात सुट्टी टाकून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले, नवरा समोर कागदावर आकडे लिहीत होता आणि एक पंचावन्नला लाईट गेली. वायफाय गेलं, मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, साईट गोल गोल फिरतेय. नशीब की शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप पाच मिनिटं वाढते. बोली २५ हजारांनी वाढायची, अजून एकच जण होता, त्याचं नाव दिसत नाही नुसता आकडा दिसतो. आम्ही ५० ची मर्यादा ठरवली होती. ती कधी ओलांडली ते कळलंच नाही, माझं बोट जणू दुसऱ्या कुणाचंच होतं. ५१.३० ला तो थांबला. नवऱ्याचा कागद बघितला तर शेवटच्या पाच ओळी त्याने लिहिल्याच नव्हत्या, नुसता बघत बसला होता.

त्यानंतर पैशांची धावाधाव. २५ टक्के (अनामत धरून) त्याच दिवशी नाहीतर पुढच्या कामाच्या दिवशी. आमचे ८ लाख १४ हजार ५०० बाकी होते, ते एफडी मोडून तयार ठेवलेले म्हणून वाचलो. बाकी ७५ टक्के विक्री कन्फर्म झाल्यापासून १५ दिवसांत. पंधरा दिवसांत होमलोन? दोन बँकांनी 'सांकेतिक ताबा' वाचून फाईल परत दिली, शेवटी जी बँक विकत होती तिनेच लोन दिलं पण तेही वेळेत नाही, मुदत लेखी वाढवून घ्यावी लागली. लेखी हं. कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढते, तोंडी 'हो हो चालेल' वर बसलात आणि तारीख चुकली तर भरलेले २५ टक्के जप्त होतात. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अशी जप्ती योग्यच ठरवलीये. शिवाय ५० लाखाच्या वर गेल्यामुळे १ टक्का टीडीएस आपण कापून भरायचा. पॅन कुणाचा टाकायचा, बँकेचा की जुन्या मालकाचा, यावर शाखेतच दोन मतं! ईमेल केला तेव्हा उत्तर आलं, मालकाचा.

स्टॅम्प ड्यूटी पुण्यात ७ टक्के म्हणजे ३ लाख ५९ हजार १००, रजिस्ट्रेशन ३० हजार. हे स्वस्ताच्या हिशोबात कुणीच धरत नाही.

सोसायटीने अडीच वर्षांचा मेंटेनन्स आणि २१ टक्क्यांनी व्याज असं १ लाख ७४ हजाराचं बिल पुढे केलं. सोसायटीच्या उपविधीत तेव्हा २१ पर्यंत व्याज लावता येत होतं म्हणून तिथे बोलायला जागा नव्हती, भरलं. पण चेअरमन काका वर फ्लॅट आमच्या नावावर करायचे, म्हणजे ट्रान्सफरचे 'स्वेच्छेने' ५० हजार म्हणायला लागले तेव्हा मी सांगितलं, काका महापालिका हद्दीत प्रीमियम २५ हजाराच्या वर घेता येत नाही. काका म्हणाले "अहो देणगी आहे ती". दिली नाही. अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

वकिलाला मात्र पूर्ण मार्क. मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च काढला, सरसाईवर (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी) दुसऱ्या कुणाचं तारण आहे का बघितलं आणि पुण्याच्या डीआरटीत (कर्जवसुलीचं न्यायाधिकरण) कर्जदाराने केस टाकलीये का तेही तपासलं, हे शेवटचं आम्हाला सुचलंच नसतं. २५ हजार घेतले, त्यातल्या एका रुपयाचंही वाईट वाटलं नाही.

नोव्हेंबरात ताबा मिळाला. ती माणसं चार दिवस आधीच गेली होती. पंचनामा होताना मी तिथेच, क्लार्क एकेक वस्तू बोलत होता आणि दुसरा लिहीत होता. लोखंडी कपाट १, स्टीलचे डबे ९, मिक्सर १, भांडं नाही. भांडं नाही हेही लिहिलं. ओट्यावर गॅसच्या नळीचा गोल डाग होता आणि देव्हाऱ्याच्या जागी भिंतीला काजळी. मला त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले नाहीत, सासूबाईंनी आणलेला बॉक्स गाडीतच राहिला.

बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग केलं त्याचे ९५ हजार वेगळे. सगळं धरून बाजारभावापेक्षा तीनेक लाख वाचले असतील.

बँकेला २ स्टार, पोर्टलला ३ (वेळ वाढते म्हणून). परत घेईन का? प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असेल तरच, सांकेतिक असेल तर दहा लाख स्वस्त असला तरी नाही.

कालच बेल वाजली, दारात बॅग लावलेला एक मुलगा, जुन्या मालकांचं नाव घेऊन विचारतोय, पर्सनल लोनच्या रिकव्हरीसाठी आलेला. हा चौथा. मी आता बँकेने दिलेल्या सेल सर्टिफिकेटची (विक्रीचा दाखला) झेरॉक्स चपलांच्या स्टँडवरच ठेवते. त्याने फोटो काढला, पाणी मागितलं, आणि जाताना म्हणाला "मॅडम, लिलावात किती स्वस्त पडतं हो?"