रिफर्बिश्ड कॅमेरा घेताय? आधी तो तपासला कोणी ते विचारा

माझा निकॉन डी५०० रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेला आणि तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला आहे, आणि पक्ष्यांच्या फोटोंसाठी मी आजही तोच गळ्यात अडकवते. सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस पॉइंट, २०.९ मेगापिक्सेल. २०१६ साली आला तेव्हा तो जे करायचा ते आजही तितक्याच झपाट्याने करतो. नवा घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण त्याचं उत्पादन बंद झालंय. माझ्या लेखी रिफर्बिश्डचा सगळ्यात मोठा फायदा हाच: बंद पडलेलं पण दमदार मॉडेल कुणीतरी तपासून, वॉरंटीसकट देतं. पैसे वाचतात ते वेगळंच. ते मी सरळ लांब पल्ल्याच्या लेन्सकडे वळवले. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, एक पिढी मागची असली तरी चालतं, लेन्स तोकडी पडली की घुबडाचा ठिपका होतो.

आता खरी मेख. या लेबलाखाली वेगवेगळा माल विकला जातो. काही कॅमेरे कंपनीकडे परत आलेले असतात: कुणी खोका उघडून दोन दिवसांत नको म्हटलेलं, काही शोरूमला डेमोसाठी ठेवलेले, काही किरकोळ दोष निघालेले. कंपनीचे तंत्रज्ञ ते दुरुस्त करतात, फोकस जुळवतात, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं टाकतात आणि साध्या खोक्यात भरून पुन्हा विकतात. हा माल बहुतेकदा नव्याच्या तोडीचा असतो. दुसरा प्रकार दुकानदाराने स्वतः तपासलेला. यात दुकानाकडे चांगला कारागीर असला तर डोळे झाकून घ्यावा, नसला तर सेन्सरवर ब्लोअर मारला आणि बॉडी पुसली एवढंच काम झालेलं असतं. तिसरा प्रकार म्हणजे शुद्ध सेकंडहँड, नुसता लेबल लावलेला. ओळखायचं कसं? काय काय तपासलं, कोणता भाग बदलला, लेखी मिळेल का, एवढे तीन प्रश्न विचारा. ‘सगळं चेक केलंय हो, एकदम नव्यासारखा आहे’ असं उत्तर आलं तर त्याला सेकंडहँडच्या वर एक पैसा देऊ नका.

माझा दुसऱ्या प्रकारातला. बॉडी स्वच्छ होती, पण हॉट शूच्या, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, कडांचा काळा रंग घासून धातू चमकत होता, म्हणजे आधीच्या मालकाने फ्लॅश भरपूर वापरलेला. मागे अंगठा टेकतो तिथलं रबर एका कोपऱ्यात जरासं सुटलं होतं. या दोन्हीने फोटोला काही होत नाही, मी सोडून दिलं. बॅटरी मात्र मूळ कंपनीची नव्हती. निकॉनच्या सेटअप मेनूत बॅटरीची माहिती दिसते, त्यात ० ते ४ असं वय असतं: ० म्हणजे ताजी, ४ म्हणजे बदलायला झालेली. दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीवर त्या आकड्याचा भरवसा नाही. दुकानदाराला सांगितल्यावर त्याने कुरकुरत का होईना, मूळ बॅटरी दिली. वर्णनात ‘बॅटरीसह’ लिहिलेलं असलं की कोणाची, हे विचारून घ्यायचं.

शटर काउंटवर, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं त्या आकड्यावर, मात्र लोक नको इतके अडून बसतात. तो पाहावा, जरूर पाहावा. निकॉनच्या ताज्या फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींना संगणकाला जोडून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. डी५०० चं शटर २,००,००० क्लिकसाठी तपासलेलं आहे, कॅनन ५डी मार्क फोरचं १,५०,००० साठी. पण ती काही एक्सपायरी डेट नाही. कुणाचं आधीच जातं, कुणाचं दुप्पट चालतं, आणि गेलं तरी बदलून मिळतं. मला जास्त धाक मिररलेसमधल्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमधल्या) कमी आकड्याचा वाटतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर काढलेल्या फोटोंनी यांत्रिक शटर झिजत नाही, आणि तासन् तास केलेलं व्हिडिओ शूटिंग तर शटरच्या आकड्यात उतरतच नाही. ८,००० क्लिकचा ‘जवळपास नवा’ कॅमेरा रोज पिंजऱ्यात (व्हिडिओची उपकरणं जोडायच्या धातूच्या चौकटीत) बसवून व्हिडिओसाठी राबवलेला असू शकतो. त्याच्या खुणा वेगळीकडे सापडतात: खाली ट्रायपॉडच्या आट्यांभोवतीचे गोल ओरखडे, ढिलं झालेलं एचडीएमआयचं तोंड, केबल हलवली की तुटणारं चार्जिंग.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत सगळं करून टाकायचं. एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. साफ करून पुन्हा फोटो काढा, ठिपका तिथेच असला तर परत पाठवा. मग लेन्सचं झाकण लावून, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करून ३० सेकंदांचा फोटो. त्यात लाल-निळे चमकते बिंदू दोन-चार असले तर दुर्लक्ष करा, शिंपडल्यासारखे असले तर नको. प्रत्येक बटण, दोन्ही डायल, दोन्ही कार्ड स्लॉट. जुन्या सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) मेमरी कार्डाच्या बॉडीत टॉर्च मारून आतल्या पिना बघायच्या, एखादी वाकलेली निघते. लेन्सही सोबत असेल तर तीच टॉर्च मागून मारून समोरून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, तिथे सवलतीचं बोलणंसुद्धा करू नये.

मॉडेलचा इतिहासही चाळावा. निकॉन डी६०० २०१२ मध्ये आला आणि सेन्सरवर तेला-धुळीचे डाग पडतात म्हणून बदनाम झाला. वर्षभरात डी६१० आला, आणि २०१४ मध्ये कंपनीने डी६०० चं शटर फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. म्हणजे दोन डी६०० शेजारी ठेवले तर एक उत्तम आणि एक डोकेदुखी असू शकतो. निकॉनच्याच डी७५० मध्ये फ्लेअरची, म्हणजे समोरून उजेड आला की फोटोत विचित्र चमक येण्याची, तक्रार होती. दुरुस्त झालेल्या बॉडीच्या ट्रायपॉड सॉकेटच्या आत काळा ठिपका असतो, विकत घेताना उलटी करून बघता येते.

तोटे आहेतच. वॉरंटी नव्यापेक्षा बहुधा आखूड, कुठे ९० दिवस, कुठे वर्ष, आणि ती दुकानाची की कंपनीची यावर पुढची सगळी धावपळ ठरते. हवं ते मॉडेल हवं तेव्हा मिळत नाही. पट्टा, आयकप, बॉडी कॅप यातलं काहीतरी हमखास गायब. सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावाच, नाहीतर चोरीचा किंवा दुसऱ्या बाजारातून आलेला माल गळ्यात पडतो आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर हात वर करतं.

लेन्स बदलता येणारी बॉडी मी रिफर्बिश्ड पुन्हा घेईन, डेमोचा माल मिळाला तर आनंदाने. झूम आतच बसवलेला छोटा कॉम्पॅक्ट मात्र नाही. त्याची नळी प्रत्येक वेळी बाहेर येताना धूळ आत ओढते, आणि सेन्सरपर्यंत पोचायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो.