चिऱ्यांच्या खोलीतले तीन सबवूफर : मिनीडीएसपी २×४ एचडी आणि युमिक-१

हाँगकाँगच्या मिनीडीएसपी कंपनीची ‘२×४ एचडी’ ही छोटी पेटी आणि त्याच कंपनीचा ‘युमिक-१’ हा यूएसबी माइक मी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून फोंडा तालुक्यातील आमच्या घरी वापरतो आहे. रिसीव्हरमधून (होम थिएटरच्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातून) निघणारा सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा, सिग्नल ही पेटी चार वाटांनी बाहेर पाठवते आणि प्रत्येक वाटेवर आवाजाची पातळी, विलंब, ध्रुवता (लहर सरळ की उलटी) व फिल्टर स्वतंत्रपणे ठरवू देते. गोव्यातल्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरात होम थिएटर करणाऱ्याला आणखी मोठ्या, आणखी महाग सबवूफरपेक्षा या पेटीचा उपयोग अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्याची कारणे खोलीपासूनच सांगावी लागतील.

आमची खोली ५.४ मीटर लांब, ३.९ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. भिंती चिऱ्यांच्या, वर स्लॅब, खाली टाइल्स. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरात जिप्सम बोर्डाच्या भिंती खालच्या स्वरांबरोबर थोड्या हलतात आणि त्यांतली काही ऊर्जा शोषून घेतात; चिऱ्याची जाड भिंत जवळपास हलतच नाही, त्यामुळे बास, म्हणजे हे खालचे स्वर, तिच्यावर आदळून परत येतो आणि खोलीतच घुमत राहतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला आणि त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले, तर लांबीच्या दिशेचा पहिला अनुनाद (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमू लागते तो) ३२ हर्ट्झला येतो. रुंदीचा ४४ आणि उंचीचा साधारण ५८ हर्ट्झला. या तीनही वारंवारिता नेमक्या सबवूफरच्या हद्दीत पडतात. (जुन्या, माडी नसलेल्या कौलारू खोलीत गणित बदलते, कारण तिथे बासचा बराच भाग कौलांतून बाहेर निघून जातो. तिथे घुमार कमी असतो, पण सबवूफरला कष्ट जास्त पडतात.)

आमचा सोफा खोलीच्या जवळपास मध्यावर आहे आणि आईची आरामखुर्ची मागच्या भिंतीला लागून. समोर एकच सबवूफर असताना ३२ हर्ट्झचा स्वर सोफ्यावर जवळजवळ नाहीसा होत असे, कारण लांबीच्या पहिल्या अनुनादाचा दाब मध्यावर शून्याला येतो. तोच स्वर आईच्या खुर्चीपाशी इतका फुगत असे की तिने तिथे बसणेच सोडले होते. रिसीव्हरच्या ईक्यूने, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करण्याच्या सोयीने, हा तंटा सुटत नाही. मागची फुगवटी कापावी, तर सोफ्यावर उरलेले थोडेथोडकेही जाते. सोफ्यावर भर घालावी, तर मागे बसणाऱ्याच्या छातीवर दडपण येते. सगळ्या आसनांवरचा बास आधी एकसारखा व्हावा आणि मगच त्याला एकत्र आकार द्यावा, हा क्रम इथूनच येतो, आणि त्यासाठी सबवूफर एकाहून जास्त हवेत.

हार्मन कंपनीतील संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. आयताकृती खोलीत चार भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवणे उत्तम, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी परिणाम त्याच्या जवळ जातो, आणि चाराच्या पुढे संख्या वाढवून फारसे हाती लागत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. यामागचे कारण सुंदर आहे: लांबीच्या पहिल्या अनुनादात समोरच्या व मागच्या भिंतीपाशी दाब एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच ध्रुवतेने वाजणारे सबवूफर तो अनुनाद जागाच होऊ देत नाहीत. आमच्याकडे मात्र मागच्या भिंतीच्या मध्यावर दार आहे आणि समोर टीव्हीचे कपाट. गोव्यातल्या बहुतेक घरांत दारे, खिडक्या आणि देवघर यांनी मोक्याच्या जागा आधीच घेतलेल्या असतात, म्हणून पुस्तकी मांडणी आपल्याला क्वचितच जमते.

मी दोन सारखे, बंद पेटीचे बारा इंची सबवूफर तिरप्या कोपऱ्यांत, म्हणजे समोर डावीकडे आणि मागे उजवीकडे, ठेवले. लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांचे पहिले अनुनाद त्यामुळे शांत होतात, पण लांबी-रुंदी मिळून बनणारा तिरपा अनुनाद, जो या खोलीत ५४ हर्ट्झच्या आसपास येतो, त्याला दोन्ही कोपरे सारखाच जोर देतात. त्याला उतारा म्हणून पूर्वीचा दहा इंची, पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेले तोंड) असलेला सबवूफर समोरच्या उजव्या कोपऱ्यात कमी पातळीवर लावला. तीन सबवूफर, दोन जातींचे, तीन वेगवेगळ्या अंतरांवर: ही जुळवणी कानाने करणे मला अशक्यच वाटते, आणि या पेटीची खरी किंमत इथे कळते.

मोजमापासाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही जॉन मल्केही यांची मोफत आज्ञावली लॅपटॉपवर घ्यावी. युमिक-१च्या प्रत्येक नगाला त्याच्या अनुक्रमांकाप्रमाणे स्वतःची कॅलिब्रेशन फाइल असते. ती कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून आज्ञावलीला द्यावी लागते. माइक कॅमेऱ्याच्या तिवईवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर धरावा. हातात धरू नये आणि सोफ्याच्या पाठीला टेकवू नये. मग एका वेळी एकच सबवूफर चालू ठेवून प्रत्येक आसनावर स्वीप (खालून वर सलग सरकणारा स्वर) घ्यायचा. तीन सबवूफर आणि चार आसने असतील तर बारा नोंदी होतात. यात एक गोष्ट चुकवून चालत नाही. यूएसबी माइकला सबवूफरचा आवाज नेमका किती वेळाने पोहोचला हे आपोआप कळत नसते, म्हणून आज्ञावलीतील ध्वनी-संदर्भाची सोय सुरू करावी: प्रत्येक स्वीपआधी एका ठराविक स्पीकरमधून तीक्ष्ण चिवचिव वाजते आणि तिच्यापासून पुढचा वेळ मोजला जातो. संदर्भाचा स्पीकर मधेच बदलला, तर सगळ्या नोंदी एकमेकींशी तुटतात.

या नोंदी ‘मल्टी-सब ऑप्टिमायझर’ या दुसऱ्या मोफत आज्ञावलीत घातल्या की ती पातळी, विलंब आणि फिल्टर यांच्या असंख्य जोड्या तपासून सर्व आसनांवर कमीत कमी फरक पडेल असे आकडे शोधते. ते आकडे बायक्वाड फाइलच्या (फिल्टरचे गुणांक असलेल्या फाइलच्या) रूपात २×४ एचडीमध्ये थेट चढवता येतात. पेटीचे अंतर्गत काम ९६ किलोहर्ट्झवर चालते, तेव्हा फाइल बनवतानाही हाच दर निवडावा. पोर्ट असलेला सबवूफर त्याच्या पोर्टच्या वारंवारितेखाली वेगाने ढासळतो आणि त्याचा फेजही, म्हणजे लहरीची वेळेतली स्थितीही, बंद पेटीपेक्षा वेगळा वळतो, म्हणून माझ्या दहा इंचीला मी ३५ हर्ट्झखालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर लावला. फिल्टरही फेज वळवतो. त्यामुळे तो आधी लावावा आणि मोजणी नंतर करावी.

फरक काय पडला? पूर्वी ३० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान सोफा आणि मागची खुर्ची यांतला फरक काही ठिकाणी १५ डेसिबलच्या पुढे जात होता. आता तो बहुतेक जागी ५ डेसिबलच्या आत राहतो. आलेख आसनाआसनाला जवळजवळ समांतर आल्यावरच मी पेटीच्या इनपुट बाजूला, म्हणजे तिन्ही सबवूफरना एकत्र लागू होणारा, ईक्यू केला, आणि त्यातही शिखरे कापली, दऱ्या भरल्या नाहीत. १० डेसिबलची भर म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट शक्तीची मागणी, आणि दोन लहरी एकमेकींना खोडतात त्या जागी कितीही शक्ती ओतली तरी दरी भरत नाही. शेवटी खालच्या टोकाकडे ५ डेसिबलच्या आसपास हळुवार चढ ठेवला. सपाट रेषेवर बास पातळ वाटतो, हा माझा आणि घरच्यांचाही अनुभव आहे.

यानंतर रिसीव्हरचे स्वतःचे स्वयंचलित कॅलिब्रेशन चालवावे. त्याला आता तीन सबवूफर एकच दिसतात. सबवूफरचे अंतर तो प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त दाखवेल. ते घाबरून बदलू नये, कारण पेटीत लागणारा वेळ तो अंतराच्या भाषेत सांगत असतो. क्रॉसओव्हर (ज्या स्वराखालचे काम सबवूफरकडे जाते ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून मधला स्पीकर आणि सबवूफर एकत्र मोजावेत आणि तिथे खळगा दिसला, तरच ते अंतर थोडे थोडे सरकवून पाहावे.

ऐकण्याची कसोटी मी स्फोटांच्या दृश्यांवर घेत नाही. तबल्याच्या डग्ग्यावरची मींड यासाठी फार चांगली, कारण मनगटाच्या दाबाने स्वर सलग सरकतो आणि वाटेत एखादा अनुनाद लागला की आवाज एकदम उसळतो. चवथीच्या आरत्यांमधले घुमट तर आम्ही लहानपणापासून अगदी जवळून ऐकलेले. मातीच्या भांड्याचे मोकळे तोंड तळहाताने झाकता-उघडताना त्याचा घुमार कसा बदलतो, हे कानात पक्के बसलेले असते. पूर्वी आमच्या खोलीत घुमटाचा प्रत्येक ठोका एकाच लांब गुंजनात विरघळत असे. आता एकेक ठोका सुटा येतो, त्याला वजन आहे, आणि शामेळाचा, म्हणजे घुमटासोबत वाजणाऱ्या चर्मवाद्याचा, कडक आवाज त्यावर स्वच्छ उभा राहतो. आई पुन्हा तिच्या आरामखुर्चीत बसू लागली आहे. माझ्या दृष्टीने आलेखाइतकाच हा पुरावा महत्त्वाचा आहे.

पेटीच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. तिला पडदा नाही, बटणे जवळपास नाहीत. सारे काही संगणकावरून करावे लागते, आणि ज्याला आलेख वाचायचा कंटाळा आहे त्याच्या हाती ती निरुपयोगी ठरेल. जोडण्या आरसीए आहेत आणि आउटपुटची कमाल पातळी २ व्होल्ट आहे. व्यावसायिक ॲम्प्लिफायर चालवणाऱ्यांनी त्याची इनपुट-संवेदनशीलता आधी तपासावी. मागच्या सबवूफरपर्यंत लांब आरसीए वायर ओढल्यावर गुणगुण येण्याचा धोका असतो, म्हणून रिसीव्हर, पेटी आणि सबवूफर एकाच अर्थिंगच्या सर्किटवर घ्यावेत. मृगाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवावेत, हे गोव्यात वेगळे सांगायला नको.

एक सोय मला अपेक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडली. पेटीत चार वेगवेगळ्या जुळवण्या साठवता येतात आणि रिमोटने बदलता येतात. त्यांतली एक मी रात्रीसाठी ठेवली आहे, जिच्यात ४० हर्ट्झखालचा भाग बराच उतरवला आहे. मधले आणि वरचे स्वर चिऱ्याची भिंत अडवते, पण खोल बास खिडक्यांच्या फटींतून आणि दाराखालून शेजारच्या घरी पोहोचतो, आणि वाड्यावरची घरे एकमेकांना लागून असतात. मंद गतीचा स्वीप वाजवताना खिडकीची झडप, काचेचे कपाट, फोटोंच्या चौकटी यांतले काय थरथरते तेही कळते. आमच्याकडे दोन झडपांना रबराच्या पट्ट्या लावाव्या लागल्या.

ज्यांच्या रिसीव्हरमध्ये ‘डिरॅक लाइव्ह’ या खोली-सुधारणा प्रणालीचे बास कंट्रोल आहे आणि सबवूफरची पुरेशी स्वतंत्र आउटपुटे आहेत, त्यांनी ही पेटी घेऊ नये; तेच काम तिथे होते. ‘ऑडिसी एक्सटी३२’ ही तशीच दुसरी प्रणाली असलेल्या ज्या रिसीव्हरमध्ये दोन सबवूफरची पातळी आणि विलंब वेगळे जुळवले जातात, त्यांच्या मालकांनी सारखे दोनच सबवूफर असतील तर आधी तेवढ्यावर समाधान होते का ते पाहावे. एकच सबवूफर असेल, तर पेटीआधी दुसरा सबवूफर घ्यावा. पण रिसीव्हरला सबवूफरचे एकच आउटपुट असून घरात दोन किंवा अधिक सबवूफर असतील, विशेषतः वेगवेगळ्या बनावटीचे, तर एका चांगल्या बारा इंची सबवूफरपेक्षा कमी खर्चात हा संच घ्यावा. मागवताना माइक सोबतच मागवावा, आयात शुल्क हिशेबात धरावे, आणि सबवूफरच्या मागे वायर फिरवायला थोडी जागा आहे की नाही हे आधीच पाहून ठेवावे.