दोन हिवाळे, एकतीस दिवस: माझी कार्व्हिंग स्की

आमच्या घरी शाळेचा गणवेश नेहमी वाढत्या अंगाचा घेतला जायचा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये म्युनिकच्या दुकानात मी स्कीसुद्धा तशीच घ्यायला निघाले होते. तीन हिवाळे भाड्याच्या स्कीवर गेले होते, निळ्या (सोप्या) उतारांची भीती मोडली होती आणि लाल (मध्यम) उतार जमायला लागले होते. म्हटलं, घेतोच आहोत तर थेट स्लालॉम (खांबांमधून घट्ट वळणांच्या) रेसची घेऊ, हळूहळू होऊ तिच्या जोगत्या.

दुकानातल्या बाई हसल्या नाहीत, एवढंच. त्यांनी दोन जोड दिवसभर वापरायला दिले. एक रेसचा आणि दुसरा जरा मवाळ, पण पिस्टसाठीच (यंत्राने दाबलेल्या उतारासाठी) बनवलेला. दोन्ही घेऊन मी ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सच्या हिमनदीवर गेले. वरचं स्टेशन ३२५० मीटरवर असल्याने मार्चमध्येही बर्फ घट्ट होता. रेसची स्की माझ्या वेगाला वाकेचना. जरा मागे रेलले की शेपूट मला पुढे भिरकावायची. दोन तासांत मांड्या भरून आल्या. दुसरा जोड चढवला आणि तिसऱ्याच वळणाला खालून वर बघितलं, तर बर्फावर शिसपेन्सिलीने ओढल्यासारख्या दोन बारीक रेघा! तोवर माझ्या मागे कायम झाडूने झाडल्यासारखा पट्टा असायचा. घसरत न जाता असं कडेवर वळणं म्हणजेच कार्व्हिंग. तोच जोड घेतला. मागच्या मोसमातलं मॉडेल होतं, बाइंडिंगसकट (बूट स्कीला पकडून ठेवणारी खटकी) ४८० युरोला पडलं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आधी स्कीवर छापलेले आकडे वाचा, रंग नंतर बघा. माझी उंची १६२ सेंमी, वजन ५८ किलो. स्की १५६ सेंमीची, म्हणजे उभी केली की कपाळापर्यंत येते. कंबर, म्हणजे मधली सर्वांत अरुंद रुंदी, ७२ मिमी; कडेच्या वक्राची त्रिज्या १२ मीटर. लांबी बदलली की त्याच मॉडेलची त्रिज्याही बहुधा बदलते, त्यामुळे आपल्या मापाच्या जोडावरचाच आकडा बघायचा.

त्रिज्या १२ म्हणजे वळण १२ मीटरचंच होतं असं नाही. स्की कडेवर कलली की बर्फाच्या दाबाने ती धनुष्यासारखी वाकते आणि वळण आवळत जातं. घट्ट बर्फावर ४५ अंश कललात तर ढोबळमानाने साडेआठ मीटर, ६० अंशांना सहा. (६० अंश मी फक्त टीव्हीवर पाहिलेत.) १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशी स्की बाजारात आणली. त्याआधीच्या दोन-दोन मीटर लांब, जवळजवळ सरळ पट्ट्यांवर माझ्यासारखीला असं वळण घेताच आलं नसतं.

कंबर बारीक असल्याचा फायदा सकाळी नऊला कळतो. रात्री यंत्राने फणी फिरवून ठेवलेल्या बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला क्षणही लागत नाही. भाड्याने मिळायची ती ८४ मिमीची स्की कडक बर्फावर कलवताना गुडघ्याला पीळ बसायचा, तो थांबला. आत टायटॅनलचे दोन थर आहेत. नाव टायटॅनियमसारखं असलं तरी तो मुळात ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याच्यामुळे वेगात स्की थरथरत नाही. पण बाइंडिंगसकट जोड सहा किलोच्या आसपास जातो, आणि पार्किंगपासून गोंडोलापर्यंत (केबलकारपर्यंत) तो खांद्यावर आपल्यालाच न्यायचा असतो.

आता रडगाणं. ही स्की स्वस्थ बसू देत नाही. अरुंद वाटेवरून सरळ जायचं म्हटलं तरी तिला वळायचंच असतं, तंद्री लागली की कड अडकलीच. मार्चअखेर म्युनिकजवळच्या ब्राउनेकच्या उतारांवर दुपारी बाराच्या पुढे बर्फाचा चिखल होतो, ढीग साचतात, त्यात ही बारीक कंबर रुतत जाते. अशा दिवशी मी एक वाजता बूट काढून सूप घेऊन बसते. ताज्या, न दाबलेल्या बर्फात तर नेऊच नका.

दुसऱ्या जानेवारीत गार्मिशच्या हाउसबर्गवर कृत्रिम बर्फाच्या निळसर पट्ट्यावर मी दोनदा आडवी झाले आणि मनात म्हटलं, स्की थकली. थकली नव्हती, बोथट झाली होती. त्यातून डिसेंबरात ओल्या पिशवीसकट ती तळघरात दोन आठवडे तशीच ठेवली होती, कडा नारिंगी पडल्या होत्या. धार लावून आणली, बाजूचा कोन ८७ अंश, तळाचा १, आणि दुसऱ्या शनिवारी त्याच पट्ट्यावर रेघा परत आल्या. लहानपणी सायकलचं चाक फिरवत धारवाला यायचा, तेव्हा आई विळी घेऊन धावत का सुटायची ते इथे कळलं. दर वेळी चाळीसेक युरो मोजून मी कंटाळले, म्हणून आता कोनाचा साचा आणि फाइल घेतलीय. दर चार दिवसांच्या स्कीइंगनंतर बाल्कनीत वीस मिनिटं पुरतात. घरी आल्यावर कडा कोरड्या पुसायच्या, हे नवऱ्यालासुद्धा पाठ झालंय.

बाइंडिंगचं मात्र घरी करू नका. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे चालवता यावरून ठरतो. माझे नवे बूट ग्रिपवॉक (चालायला सोप्या, वळलेल्या) तळव्याचे निघाले, तेव्हा बाइंडिंग त्यांना चालतं की नाही इथून सुरुवात झाली. चाललं, पण सेटिंग नव्याने करून घ्यावं लागलं.

हीच परत घेईन का? दिवसाची सुरुवात पहिल्या लिफ्टने करणाऱ्याने डोळे मिटून घ्यावी. अकराला निवांत पोचणाऱ्याने ७८ मिमीच्या आसपास कंबर असलेली बघावी. रेसच्या जोडाचं म्हणाल तर परवा पुन्हा दुकानात दिसला. हात लावून पाहिला, ठेवून दिला.