टुडुइस्ट अॅप रिव्ह्यू: जीएसटी-टीडीएसच्या तारखा सांभाळणाऱ्यांसाठी

सरळ सांगते, टुडुइस्ट हे कामांची यादी ठेवणारं अॅप मला मनापासून आवडलंय आणि टॅक्स-अकाउंट्सचं काम करणाऱ्या सगळ्यांनी ते वापरावं असं माझं मत आहे. पण एक अट आहे. काम लिहिताना सरकारची लास्ट डेट टाकायची नाही, आपण खुर्चीत बसून ते काम खरंच करणार तो दिवस टाकायचा. बाकी सगळ्या सोयी चांगल्याच आहेत, पण ही गोष्ट पाळली नाही तर कितीही भारी अॅप घ्या, 19 तारखेला संध्याकाळी सगळं लाल दिसतं आणि सरकारचं पोर्टल फिरत बसतं.

आमचं नागपुरात धरमपेठेत छोटं ऑफिस आहे. क्लायंट म्हणजे इतवारीतले किराणा आणि धान्यवाले, गांधीबागचे कापडवाले, हिंगणा एमआयडीसीतली काही युनिटं आणि थोडे पगारदार लोक ज्यांचं फक्त रिटर्न असतं. या लाइनमधल्यांना सांगायला नको, 7 ला टीडीएसचा भरणा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 15 ला पीएफ आणि ईएसआय, 20 ला 3बी (ज्यात जीएसटी भरायचा ते रिटर्न), महिन्याच्या शेवटी प्रोफेशन टॅक्स, आणि ज्यांनी जीएसटीची तिमाही स्कीम घेतली त्यांची जीएसटीआर-1 ची 13 आणि 3बीची महाराष्ट्रासाठी 22 वेगळीच. 3बीला उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, निल (काहीच व्यवहार नसलेलं) असेल तर 20, वर टॅक्स थकला असेल तर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज, आणि त्यात शेठजींचा फोन येतो की "मॅडम, हे पैसे काऊन लागले?" म्हणून हे काम डोक्यात ठेवायचं कामच नाही, कुठेतरी लिहिलेलंच पाहिजे, आणि दर महिन्याला ते आपोआप परत समोर आलं पाहिजे.

इथेच टुडुइस्ट जिंकतं. आमिर सालिहेफेंडिच नावाच्या माणसाने 2007 मध्ये, डेन्मार्कमध्ये शिकत असताना, स्वतःचीच कामं आवरायला हे बनवलं आणि ते वापरताना जाणवतं, कारण यात दहा बटणं दाबत बसावं लागत नाही. कामाचं नाव लिहा, त्याच ओळीत इंग्रजीत एव्हरी 16 टाइप करा, झालं, दर महिन्याच्या 16 ला ते काम येणार. एव्हरी लास्ट डे लिहिलं की महिना 28 चा असो की 31 चा, शेवटच्या दिवशी येतं. अॅडव्हान्स टॅक्ससाठी तर एकाच ओळीत 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च असं स्वल्पविराम देऊन लिहिता येतं, ओळीच्या सुरुवातीला एव्हरी लावायचं, म्हणजे वर्षातून चारदा तेच काम बरोब्बर उगवतं. अर्थात मी म्हटलं तसं 15 नाही टाकायचं, 8 किंवा 10 टाका, आणि खरी लास्ट डेट नावातच लिहा. आमच्याकडे कामाचं नाव असं असतं: "3बी फाइल करणे – गांधीबाग कापड – लास्ट 20". तारीख मात्र 16. अॅपमध्ये डेडलाइनचा वेगळा रकानाही आहे, महिरपी कंसात तारीख लिहिली की ती डेडलाइन म्हणून बसते, पण नावात लिहिलेलं कुठल्याही स्क्रीनवर, विजेटवर, सगळीकडे दिसतं म्हणून मला तेच बरं वाटतं.

16 च काऊन, तर 2बी स्टेटमेंट (सप्लायरने टाकलेल्या बिलांवरून खरेदीच्या जीएसटीचं किती क्रेडिट मिळेल ते दाखवणारं) 14 ला तयार होतं. त्याच्या आधी 3बी उघडून काही फायदा नाही, क्रेडिट जुळवता येत नाही. 14 ला 2बी, 15 ला जुळवणी, 16 ला फाइल, आणि मग चार दिवस हातात राहतात, कोणाचं बिल सप्लायरने टाकलंच नाही, कोणाच्या खात्यात चलनाचे पैसे नाहीत, असल्या भानगडींसाठी. लास्ट डेट टाकणारा माणूस हे चार दिवस स्वतःच्या हाताने फेकून देऊन राहिला.

आता मराठीचं. अॅपला मराठी तारखा कळत नाहीत, "दर सोमवारी" लिहिलं तर ते नुसतं नाव म्हणून बसतं. त्यामुळे तारखेचा तुकडा इंग्रजीत लिहायचा. पण काम मराठीत लिहा असं मी सगळ्यांना आवर्जून सांगते, आणि त्याचं कारण भाषेचं प्रेम एवढंच नाही. इंग्रजीत कामाच्या नावात मार्च शब्द आला की अॅप त्यालाच तारीख समजून रंगवतं, मग त्यावर टॅप करून ते काढावं लागतं, आणि आमच्या धंद्यात तर प्रत्येक कामात कुठला ना कुठला महिना असतोच. देवनागरीत "मार्चचा टीडीएस" लिहिलं की ते गपचूप नाव म्हणून राहतं आणि तारीख फक्त तुम्ही दिलेलीच लागते. फोनच्या कीबोर्डवर भाषा बदलायला एक क्षण लागतो.

दुसरी एक सोय फार कमी लोक वापरतात, ती म्हणजे एव्हरीच्या लगेच नंतर उद्गारचिन्ह. साध्या एव्हरी 3 डेजमध्ये अॅप मूळ तारखेपासून मोजतं, उद्गारचिन्ह लावलं की तुम्ही काम टिक केलं त्या दिवसापासून मोजतं. बिलांसाठी फोन करायचं काम मी असंच लावते. समजा इतवारीतल्या शेठना सोमवारी फोन करायचा होता आणि तो झाला बुधवारी. साध्या पद्धतीत गुरुवारी परत फोनची आठवण येणार, आणि शेठ वैतागणार, "ताई, कालच तर बोललो ना, पाठवतो म्हणून!" उद्गारचिन्ह असेल तर बुधवारपासून तीन दिवस, म्हणजे शनिवारी. माणूस चिडतही नाही आणि सुटतही नाही. ऑफिसच्या एसीची सर्व्हिसिंग, प्रिंटरचा टोनर असली कामंही अशीच लावावीत. पण रिटर्नला हे चुकूनही लावायचं नाही, तिथे तारीख कॅलेंडरचीच पाहिजे.

सब-टास्क हा माझा सगळ्यात लाडका भाग. 3बीच्या एका कामाखाली आमची पाच छोटी कामं आहेत: बँक स्टेटमेंट आलं का, खरेदीची बिलं आली का, 2बीशी जुळवलं का, चलन बनवून पाठवलं का, फाइल करून पावती पाठवली का. मोठं काम दर महिन्याला रिपीट होणारं असलं की ते पूर्ण केल्यावर खालची सगळी टिकं आपोआप निघतात आणि पुढच्या महिन्यासाठी कोरी यादी तयार. एकदा मेहनत करून बनवायचं, मग वर्षभर हात लावायची गरज नाही. आमच्याकडची नवीन मुलगी आली तेव्हा तिला मी वेगळं काही शिकवलंच नाही, म्हटलं ही पाच कामं वरून खाली करत जा, अडलीस की तिथेच कमेंट टाक. तिसऱ्या क्लायंटला तिची कमेंट आली, "मॅडम, 2बीमध्ये दोन बिलं दिसत नाही, सप्लायरला शेठ बोलतील की आपण?" आता हा प्रश्न व्हॉट्सअॅपवर आला असता तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गेला असता. इथे तो त्याच कामाला चिकटून राहिला आणि पुढे कोणीही ते काम उघडलं तरी काय झालं होतं ते समोर.

नाव लिहिताना मात्र क्रियापद टाका. "गांधीबाग जीएसटी" असं लिहिलं तर काय करायचं ते लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. "गांधीबागच्या शेठकडून जूनची खरेदी बिलं मागवणे" असं लिहिलं की ऑफिसातला कोणीही वाचून उठून करू शकतो. काम नीट लिहायला दहा सेकंद जास्त लागतात आणि नंतरचे तीन फोन वाचतात.

लेबलचं आम्ही जे केलं ते नागपूरवाल्यांना लगेच कळेल. एट द रेटचं चिन्ह टाकून लेबल बनतं, तर आम्ही लेबलं एरियाची ठेवली: @इतवारी, @गांधीबाग, @हिंगणा, आणि एक @फोन. कोणी कागद आणायला निघालं की लेबल उघडायचं, त्या एरियातली सगळ्या क्लायंटची कामं एकत्र दिसतात. एलएडी चौकातून एक्वा लाइन पकडली की एका टोकाला लोकमान्यनगर, तिथून हिंगणा एमआयडीसी जवळ, आणि दुसऱ्या बाजूला चितार ओळीला उतरलं की इतवारी. एका फेरीत सगळं उरकतं. मे महिन्यात तर याचं महत्त्व फारच आहे, 45 डिग्रीत दुपारी पोराला दोनदा इतवारीत पाठवणं हे माणुसकीला धरून नाही. एरियाची लेबलं सकाळी बघायची, अकराच्या आत बाहेरची कामं आवरायची, दुपारी @फोन उघडून बसायचं. आणि तान्ह्या पोळ्याला बडग्या-मारबतीच्या मिरवणुकीमुळे त्या भागात कामासाठी शिरताच येत नाही, तर त्या दिवसाची @इतवारीची कामं आदल्या आठवड्यातच एकदम सिलेक्ट करून पुढे-मागे करून टाकतो.

फ्री प्लॅनमध्ये पाचच प्रोजेक्ट मिळतात, आणि इथे बरेच लोक "प्रत्येक क्लायंटचा एक प्रोजेक्ट" करायला जाऊन पहिल्याच दिवशी अडकतात. तसं करूच नका. प्रोजेक्ट कामाच्या प्रकाराचे करा: जीएसटी, टीडीएस, इन्कम टॅक्स, ऑफिस, घर. क्लायंटचं नाव कामाच्या नावातच आहे, सर्च केलं की सगळं निघतं. मोठे क्लायंट असतील तर प्रोजेक्टमध्ये सेक्शन पाडा. पैसे भरून वरचा प्लॅन घ्यायचा की नाही ते यानंतर ठरवा. एकट्याने काम करणाऱ्याला फ्री पुष्कळ झालं असं मला वाटतं. फिल्टर (हवी तेवढीच कामं निवडून दाखवणारी सोय) भरपूर लागायला लागले, मोठ्या फाइली कमेंटला जोडायच्या झाल्या, की मग विचार करावा.

फिल्टरमध्ये एकच सांगते, ओव्हरड्यू (तारीख उलटून गेलेलं) किंवा टुडे, आणि त्यातलं पी 1. इंग्रजीत लिहायचं, मध्ये उभी रेघ म्हणजे किंवा, अँडचं चिन्ह म्हणजे आणि. एवढ्यावर आमची सकाळ चालते. पण पी 1 म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या कामाचा लाल झेंडा, तो प्रत्येक कामाला लावला तर काही अर्थच राहत नाही. आम्ही फक्त त्याच कामाला लावतो ज्यात आज नाही झालं तर क्लायंटला पैशाचा फटका बसेल. त्यात कर्मा नावाचे पॉइंट पण मिळतात, कामं टिक केली की वाढतात. मी ते सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, कारण पॉइंटसाठी माणूस सोपी कामं आधी टिक करतो आणि जुळवणीचं किचकट काम खाली सरकत जातं.

अॅपला एक गोष्ट कधीच कळणार नाही, ती म्हणजे सरकारने तारीख वाढवली. 2025 मध्ये ऑडिट नसलेल्यांच्या इन्कम टॅक्स रिटर्नची 31 जुलै आधी 15 सप्टेंबर झाली, मग आणखी एक दिवस वाढून 16. अशा वेळी नावातली लास्ट डेट बदला, पण आपली कामाची तारीख शक्यतो हलवू नका. ज्यांचे कागद आलेत त्यांचं करून टाका ना, वाढलेला वेळ उशिरा कागद देणाऱ्यांसाठी ठेवा. आणि तारीख रविवारी आली तरी अॅप स्वतःहून सोमवारवर ढकलत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणून शनिवारी दुपारी चहा झाला की आम्ही सगळे अर्धा तास पुढचा आठवडा उघडून बसतो, रविवारची कामं सरकवतो, बिनतारखेची पडलेली कामं बघतो, आणि जी करायचीच नाहीत ती सरळ डिलीट करतो. हा अर्धा तास नसेल तर महिन्याभरात कुठलीही यादी कचरा होते.

मायक्रोसॉफ्टचं टू डू पण चांगलं आहे, पूर्ण फुकट आहे, आणि वंडरलिस्ट 2020 मध्ये बंद झाल्यावर बरेच लोक तिकडेच गेले. त्यातली माय डे ची यादी रोज रात्री कोरी होते, सकाळी नव्याने आजचं निवडायचं, ही कल्पना घरच्या कामांना मस्त आहे. घरात किराणा, मुलांच्या फिया, गॅस एवढंच असेल तर तेच घ्या. पण ऑफिसच्या रिपीट होणाऱ्या तारखांना टुडुइस्टमध्ये एका ओळीत जे होतं ते मला दुसरीकडे इतकं सहज सापडलं नाही.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. क्लायंटचे पोर्टलचे पासवर्ड, पॅन, आधार, ओटीपी यातलं काहीही कामाच्या नावात किंवा कमेंटमध्ये लिहू नका. प्रोजेक्ट शेअर केला की तो आत असलेल्या सगळ्यांना दिसतो. कमेंटमध्ये चलनाची तारीख आणि फाइल झाल्याचा एआरएन नंबर एवढंच टाका, पासवर्डसाठी वेगळा पासवर्ड मॅनेजर ठेवा, आणि एखादा मदतनीस ऑफिस सोडून गेला की त्याच दिवशी त्याला प्रोजेक्टमधून काढा.